इंजिन का गेलं?

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. डॅलसपासून तासाभरावर एक छोटा ट्रॅक आहे, तिथे शनिवारी रात्री ड्रिफ्टिंग चालतं. चौथ्या फेरीला आमच्या बॉनेटखालून आवाज यायला लागला. टक् टक् टक्. आधी वाटलं, एक्झॉस्टचं काहीतरी सैल झालंय. (माणूस नेहमी स्वस्तातलं कारण आधी मानतो.) मग आवाज इतका वाढला की शेजारच्या पिटमधला एक टेक्सन आजोबा आपणहून चालत आला, दहा सेकंद ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढली. मयताला काढतात तशी!

ज्यांना ड्रिफ्टिंग म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी: मागची चाकं मुद्दाम घसरवत, गाडी आडवी धरून वळण घ्यायचं. हे जपानच्या घाटरस्त्यांवर वाढलं, केइची त्सुचिया नावाच्या ड्रायव्हरने गाजवलं आणि २००४ पासून अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्ट नावाने त्याची मालिकाच सुरू झाली. वरच्या स्पर्धांतल्या गाड्या आज हजार हॉर्सपॉवरच्या आसपास असतात. आमची १५५ ची. तीही कंपनीने ३० वर्षांपूर्वी सांगितलेली.

गाडी म्हणजे १९९३ ची निसान २४०एसएक्स. मी आणि माझा नागपूरकर रूममेट, निम्मे-निम्मे मालक. जपानमध्ये हीच गाडी सिल्व्हिया आणि १८०एसएक्स या नावांनी टर्बो इंजिन घेऊन फिरायची. अमेरिकेला मात्र निसानने केए२४डीई दिलं. २.४ लिटरचं, लोखंडी ब्लॉकचं, बिनटर्बोचं. हेच इंजिन पुढे त्यांच्या फ्रंटियर पिकअपमध्येही आलं, त्यामुळे इथे सगळे त्याला 'ट्रकचं इंजिन' म्हणून हिणवतात. मीही हिणवायचो.

तर ते गेलं. आणि खरं सांगू? दुःख फार झालं नाही. त्याच रात्री ट्रेलर ओढत घरी येताना आमची चर्चा सुरू झाली, आता कुठलं टाकायचं!

रूममेटचं ठरलेलं होतं. "अबे, व्ही-एट टाकू ना भाऊ! एकदाच काय ते!" त्याच्या डोक्यात शेव्हरलेच्या सिल्व्हराडो ट्रकमधलं ५.३ लिटरचं एलएम७. १९९९ ते २००७ या काळात जीएमने हे इतक्या गाड्यांत घातलं की भंगारात कुठेही मिळतं, सात-आठशे डॉलरला. वर्षानुसार २७० ते २९५ हॉर्सपॉवर, वर हात लावायची गरज नाही. माझं स्वप्न मात्र एसआर२०डीईटी. दोन लिटर, टर्बो, अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक, २०५ हॉर्सपॉवर. म्हणजे गाडीचं जपानी माहेरचं इंजिन. बॉनेट उघडलं की लोकांनी माना डोलवायच्या, एवढाच त्यामागचा तांत्रिक विचार.

मग काय, आयटीवाले आम्ही, स्प्रेडशीट उघडली. ४१ ओळी. आणि तिथेच गंमत कळायला लागली. इंजिन ही या यादीतली सगळ्यात स्वस्त ओळ असते! व्ही-एट ८०० ला मिळेल, पण आपला गिअरबॉक्स त्याला जुळत नाही आणि जुळवला तरी तो टॉर्क पचवणार नाही. म्हणजे गिअरबॉक्स आला. ट्रकचं ऑइल पॅन खाली फार खोल येतं, ते बदला. इंजिन माउंट, हेडर, प्रोपेलर शाफ्ट, वायरिंग, रेडिएटर... बेरीज पाच हजारांच्या पुढे गेली तेव्हा रूममेट म्हणाला, "शीट चुकीची आहे." एसआरचं उलटं. गाडीत बसतं छान, पण नुसत्या इंजिनालाच ३८०० च्या खाली कोणी बोलेना. शिवाय त्यातली शेवटची इंजिनंही २००२ च्या आसपासची, आपल्याला काय मिळेल देव जाणे. रेव्ह लिमिटरवर फार वाजवलं तर रॉकर आर्म निसटतात हे त्याचं जुनं दुखणं आहेच, आणि ड्रिफ्टिंगमध्ये लिमिटरवर वाजवण्याशिवाय आपण दुसरं करतो काय?

आमच्याकडे एकूण होते २६०० डॉलर. पुढचा सगळा सीझन धरून.

असो. रविवारी सकाळी नेहमीसारखा बाबांना फोन केला. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, आयुष्य लेलँड आणि टाटाच्या इंजिनांत गेलं. मी उत्साहात सगळे पर्याय ऐकवले. पाच मिनिटं तरी बोलत असेन.

"गेलं का पण?" बाबांनी विचारलं.

"रॉड बेअरिंग गेलंय, बाबा."

"ते काय गेलं ते सांगितलंस. का गेलं?"

मी म्हटलं, जुनं होतं. त्यावर ते हसले. म्हणाले, जुनं आहे म्हणून काही जात नाही, तेल नाही, पाणी नाही, नाहीतर कचरा गेला म्हणून जातं. चेंबर उघड आणि बेअरिंग हातात घेऊन बघ. रेघोट्या असतील तर कचरा. निळं-काळं पडलं असेल तर कोरडं जळलंय. आणि ब्लॉक चांगला असेल तर नवीन कशाला, क्रँक घासून घे. (आता त्यांना काय सांगू! इथे क्रँक घासून, रॉड बदलून इंजिन बांधायचं नऊशे डॉलर सांगतात. भारतात माणूस स्वस्त आणि वस्तू महाग, इथे बरोबर उलटं.)

फोन ठेवला आणि पोटात खड्डा पडला. कारण मला उत्तर माहीत होतं.

त्या रात्री तिसऱ्या फेरीनंतर रूममेट टायर बदलत होता. त्याने ओरडून विचारलं, "तेल पाह्यलं का बे?" मी लायनीत नंबर लागला म्हणून घाईत होतो. "हो, पाहिलं," म्हणालो. नव्हतं पाहिलं. इतकंच.

दुपारी भाड्याच्या क्रेनने इंजिन बाहेर काढलं. ऑइल खाली बादलीत सोडलं. साडेतीन लिटरच्या आसपास असायला हवं, आलं जेमतेम दीड. त्यात सोनेरी चकाकी, गणपतीच्या मखराची असते तशी. तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग निळं-काळं.

यातलं शास्त्र साधं आहे. जुनं इंजिन सतत वरच्या आरपीएमला ताणलं की थोडं तेल पितंच. त्यात गाडी आडवी धरली की चेंबरमधलं उरलेलं तेल एका बाजूला जातं, स्ट्रेनर उघडा पडतो आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. तीन-चार सेकंद पुरतात. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो तो प्रेशर जवळजवळ संपल्यावर, आणि धुरात त्याच्याकडे बघतंय कोण! म्हणजे व्ही-एट टाकलं असतं तरी कोरडंच मेलं असतं, एसआरही. फक्त महागात. ऑफिसात सर्व्हर पडला आणि कोणी कारण न शोधता नवा मागितला तर मी त्याची काय भंबेरी उडवतो ते माझ्या टीमला विचारा.

रूममेट बादलीकडे बघत होता. मी सांगून टाकलं. पाहिलं नव्हतं म्हणून.

तो काही बोलला नाही. हात पुसले, आत गेला, चहा टाकल्याचा आवाज आला. दोन कप घेऊन आला तेव्हा जरा बरं वाटलं. म्हणाला, "इंजिन गेलं ते ठीक आहे बे. एक हप्ता मले व्ही-एटच्या किमती काहून काढू दिल्या?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. नव्या इंजिनाच्या गप्पा चालू होत्या तोवर जुन्याची चौकशी टळत होती, हे मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

शेवटी केएच घेतलं. मागून ठोकलेली एक फ्रंटियर मिळाली, १,४२,००० मैल झालेली, पण इंजिन चालू होत होतं, हे महत्त्वाचं. भंगारात उतरवून ठेवलेलं इंजिन म्हणजे लॉटरी, चालू असलेलं कानाने ऐकता येतं. कॉम्प्रेशन मोजलं: १६८, १७०, १६५, १७०. चारही आकडे जवळजवळ, हेच बघायचं असतं. ४५० डॉलर. बाहेरचे काही भाग आमच्या मेलेल्या इंजिनावरून काढून चढवले, सील, गॅस्केट, वॉटर पंप, क्लच नवीन. चेंबरमध्ये आडवे पत्रे वेल्ड करून घेतले, म्हणजे तेल एकदम पळत नाही. आणि डोळ्यांसमोर येईल असं ऑइल प्रेशरचं गेज. सगळं मिळून ११५० डॉलर. उरले १४५०. जुने टायर ३५ ला एक, एका रात्रीला चार, वर १०० एंट्री फी. म्हणजे सहा रात्री गाडी चालवायला मिळणार होती. एसआर घेतलं असतं तर शून्य, वर बाराशेचं कर्ज.

मार्चमध्ये पहिली रात्र झाली. तोच ट्रॅक, तेच आजोबा, टोपी डोक्यावरच राहिली. इंजिन अजूनही ट्रकसारखंच घुरघुरतं आणि बॉनेट उघडल्यावर कोणीही मान डोलवत नाही.

बॉनेट आता रूममेटच उघडतो, प्रत्येक फेरीआधी. डिपस्टिक काढतो, पुसतो, घालतो, परत काढतो आणि टॉर्चच्या उजेडात माझ्या नाकासमोर धरतो. मी "पाहिलं" म्हटल्याशिवाय बॉनेट लावत नाही.