बस्ता आणि ग्राफिक्स कार्ड

गुलमंडीत राहणाऱ्या माणसाला बजेट म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. मराठवाड्यातल्या किती लग्नांचे बस्ते या रस्त्यावरच्या कापडदुकानांत बांधले गेले असतील, देव जाणे. बस्त्यात एक गोष्ट हमखास होते. सगळं घर नवरीच्या शालूवर रमतं, आणि मानपानाच्या साड्यांची पाळी येईपर्यंत पिशवी हलकी झालेली असते. गेले दोन महिने नातवाचा गेमिंगचा कॉम्प्युटर जमवताना मला सारखा बस्ताच आठवत होता.

'जमवताना' म्हणते, कारण एकेक भाग निवडून आणायचा आणि घरी जोडायचा, असा त्याचा हट्ट. बजेट पन्नास हजार, मॉनिटरसकट. त्यातले एकतीस हजार त्याचे स्वतःचे, दोन दिवाळ्यांच्या सीझनला इथल्याच एका दुकानात बारा-बारा तास उभं राहून कमावलेले. बाकीचे माझ्या पेन्शनीतून. यावरून घरात वाजलं. त्याच्या बाबांचं म्हणणं, "गेम खेळायला पन्नास हजार? त्यापेक्षा हप्त्यावर लॅपटॉप घे, अभ्यासाला तरी येईल." बापलेक चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. जेवायला वाढताना मीच मधला पोस्टमन! शेवटी मी चिरंजीवांना सांगितलं की पैसे पोराच्या घामाचे आहेत, ठरवू दे त्याला. आणि पोराला सांगितलं की प्रत्येक भागापुढे तो का घेतला हे वहीत लिहायचं, नाहीतर माझे एकोणीस हजार विसर.

त्या वहीमुळे मलाही बरंच कळलं. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. खेळ सफाईदार दिसायला हे सगळं चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढायचं, म्हणजे एका सेकंदात साडेबारा कोटींच्या आसपास ठिपके. हे काम ग्राफिक्स कार्डाचं. त्यालाच निम्मं बजेट लागतं, म्हणून तोच आपला शालू!

पोराने शालू आत्ता घ्यायचाच नाही असं ठरवलं, हे मला फार आवडलं. रायझन ५ ५६००जी नावाचा प्रोसेसर आहे, २०२१ सालचा. त्याच्या पोटातच बेताचं ग्राफिक्स असतं. साधे खेळ त्यावर चालतात आणि पुढे पैसे जमले की वेगळं कार्ड बसवता येतं. नुसता ५६०० घेतला तर कार्डासोबत तो जरा जास्त पळतो, कारण ५६००जीची कॅशे त्याच्या निम्मी आहे. पण नुसत्या ५६००ला कार्डाशिवाय पडद्यावर काही दिसतच नाही. मग वर्षभर काय बघत बसणार? लॅपटॉपचा मुद्दाही इथेच निकालात निघाला. लॅपटॉपात ग्राफिक्सची चिप सहसा बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर बदलायची सोय नाही.

रॅमने मात्र घाम फोडला. २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरीचे भाव असे चढले की सोनं बरं! जगभर एआयसाठी प्रचंड डेटा सेंटरं उभी राहताहेत, मेमरीचे कारखाने आधी त्यांना माल देतात. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला 'क्रुशियल' हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. कुठे अमेरिकेतली डेटा सेंटरं आणि कुठे आमच्या वहीतली खाडाखोड! सोळा जीबी तर हवीच होती. एकच सोळाची कांडी न घेता आठाच्या दोन घेतल्या. पोटातल्या ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, ते याच रॅममधून उचलतं, आणि दोन कांड्या म्हणजे त्याला ये-जा करायला दोन रस्ते.

आता एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना पुरवणारा डबा. पाहुण्याला दिसत नाही म्हणून सगळे इथेच पैसे वाचवतात. एका दुकानदाराने अगदी स्वस्तातला काढून दाखवला, वर ठळक '४५० वॅट' लिहिलेलं. त्या दिवशी चिरंजीव सोबत आले होते, "बघू तरी काय खूळ आहे" म्हणत. ते वाळूजच्या कारखान्यात मेंटेनन्सला. त्यांनी डबा हातात तोलला आणि म्हणाले, "यात तांबं कुठंय?" मग बापलेकांची जी चर्चा रंगली... कार्ड बसवल्यावर लोड किती होईल, ८० प्लसचा शिक्का म्हणजे काय, लाइट गेली तर काय. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. अर्ध्या तासाने दोघं तिथून रिकाम्या हाताने निघाले आणि दुसऱ्या दुकानातून चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घेऊन आले. किंमत ऐकून मीच गप्प झाले, चिरंजीव नाही.

कॅबिनेटबद्दल आमचं थोडं भांडण झालं. त्याला समोरून काच आणि आत रंगीत दिवे हवे होते. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, हवा आत कुठून जाणार? जाळीचं घेतलं. एक दिव्याचा पंखा त्याने घातलाच. असो. त्याचंही वय आहे.

एकूण एकोणपन्नास हजार सातशे झाले. जोडणी माझ्या खोलीत झाली, पंख्याखाली, जुन्या चादरीवर. स्क्रू बाबांनी धरले.

कार्डाचं येत्या दिवाळीनंतर बघायचं आहे. तोवर तो जुन्या कार्डांचे भाव बघत असतो. मी त्याला बजावलंय की सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियमच्या खाणकामाला अशी कार्डं रात्रंदिवस जुंपलेली असत. तो म्हणतो, "आजी, सगळीच तशी नसतात, लावून बघून घेऊ." बाबा त्याच्या बाजूने आहेत. मी अजून सही केलेली नाही.