घर घेताना वकील आपला हवा

कामगार माणसाच्या आयुष्यात घर बहुधा एकदाच होते. तारापूरच्या कारखान्यांत वर्षानुवर्षे पाळ्या करायच्या, पीएफ काढायचा, घरातले चार दागिने मोडायचे, उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज घ्यायचे, तेव्हा कुठे बोईसरला किंवा पालघरला एखादी खोली नाहीतर छोटा फ्लॅट पदरात पडतो. लग्नाचा बस्ता बांधताना दहा दुकाने फिरणारी आपली माणसे हा एवढा मोठा व्यवहार मात्र एजंटच्या शब्दावर एका संध्याकाळी उरकतात.

मी साधा कारकून. शिक्षण बी.कॉम.; वकील नव्हे. पण कागद वाचायची सवय आहे आणि वस्तीत थोडेफार काम करतो, म्हणून रविवारी कोणी ना कोणी पिशवीतून कागद घेऊन येते. प्रश्न बहुतेक तेच असतात. ते येथे एकत्र मांडतो.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : "बिल्डरने वकील दिला आहे, मग दुसऱ्या वकिलाची फी कशाला भरायची?" बिल्डरचा वकील बिल्डरचे हित पाहतो, बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते पाहतो. आपले हित पाहणारा त्यांत कोणीच नसतो. इंग्लंडमध्ये घर घेणारा सहसा स्वतःचा सॉलिसिटर किंवा तसा परवानाधारक जाणकार नेमतो. आपल्याकडे अशी पद्धत रुजलेली नाही; पण जमिनीचे काम करणारा अनुभवी वकील तालुक्याच्या न्यायालयात भेटतो. त्याने दुय्यम निबंधकाकडच्या मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यावा, सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश आणि बांधकाम परवानगी तपासावी आणि लेखी शोध अहवाल द्यावा. फी किती आणि त्यात काय काय येते, हे आधीच ठरवावे.

मी स्वतः घर पाहत होतो तेव्हा एका ठिकाणी सर्व काही पसंत पडले होते. माझ्या वकिलाने फेरफार काढले, तर मूळ मालकाच्या मृत्यूनंतर वारस म्हणून त्याच्या दोन मुलींची नावे लागलेली होती आणि विक्रीच्या कागदावर सह्या फक्त मुलांच्या होत्या. "बहिणी काही बोलणार नाहीत," असे आम्हाला सांगण्यात आले. मुलींचाही हक्क असतो आणि तो उद्या उभा राहू शकतो. आम्ही तो व्यवहार सोडला. वकिलाची फी तेवढ्यातच वसूल झाली.

दुसरा प्रश्न : "रजिस्टर झाले, आता भीती कसली?" आपल्या देशात नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. विकणारा खरा मालक आहे की नाही याचा निवाडा दुय्यम निबंधक करीत नाही. म्हणून नोंदणीआधीचा शोध महत्त्वाचा.

आणि नोंदणीच नसेल तर? आपल्याकडे कितीतरी चाळींतील खोल्या नोटरीच्या कागदावर विकल्या जातात. नोटरी सही ओळखतो, मालकी देत नाही. नोंदणी कायदा १९०८ चा आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीच्या विक्रीला नोंदणी लागते. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

आता आपल्या भागातील सर्वांत नाजूक गोष्ट. पालघर तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि पुष्कळ जमीन आदिवासींची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून विकता येत नाही. विक्रीसाठी शासनाची पूर्वमान्यता आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ती नसेल तर व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. तरीही मधला कोणी आदिवासीला थोडे पैसे देऊन चाळ उठवतो, खोल्या नोटरीवर विकतो आणि निघून जातो. मागे राहतात दोन गरीब, एकमेकांसमोर उभे : एकाची जमीन गेलेली, दुसऱ्याची पुंजी गेलेली. सावकारांनी जमिनी गिळल्या म्हणून हा कायदा झाला. तो आपल्या आड येतो असे म्हणू नका. सातबाऱ्यावरचे 'इतर हक्क' हे सदर वाचा, भोगवटादार वर्ग-२ असा शेरा आहे का पाहा, आणि असेल तर परवानगीचा आदेश मागा.

घरपट्टीची पावती आणि वीजबिल हा मालकीचा पुरावा नव्हे. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला म्हणजेही इमारतीची परवानगी नव्हे. आपल्याच जिल्ह्यात नालासोपाऱ्याला बनावट कागदांवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या २०२४ च्या आदेशानंतर पाडण्यात आल्या. २०२५ च्या सुरुवातीला तेथील शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. जागा सार्वजनिक कामासाठी आरक्षित होती. घरे घेणाऱ्यांनी पैसे खरेच मोजले होते.

नव्या इमारतीत घर घेत असाल तर महारेरा क्रमांक पाहा. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला तो लागतो. अशा प्रकल्पात करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. पैसे चेकनेच द्या, पावती घ्या. ताबा घेण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र मागा. सोसायटी झाल्यावर जमीन आणि इमारत तिच्या नावे करून घेणे, म्हणजे कन्व्हेयन्स, हे बिल्डरचे काम आहे. तो टाळत असेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

भगिनींसाठी एक गोष्ट. राहते घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ती १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली. पैसे वाचतात आणि बाईच्या डोक्यावर हक्काचे छप्पर येते. माझ्या मते दुसरे कारण मोठे आहे.

कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच तर घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे चौकशी करा.

वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाले. बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होत आहे. जमिनीचे भाव वाढतील तसे एजंटही वाढतील आणि "आज टोकन द्या, उद्या भाव चढेल" असे म्हणतील. त्यांना सांगा, "आधी कागदांच्या प्रती द्या, आमचा वकील पाहील." खरा विकणारा प्रती देतो. जो देत नाही, त्याच्याकडून घर घेऊ नका.