लंडनांत नांव सांगतांना

परदेशीं पाऊल ठेवल्यावर प्रवाशास पहिला प्रश्न होतो तो नांवाचा. लंडनला धाकट्या बंधूच्या बिऱ्हाडीं आईस घेऊन मी गेलों, तेव्हां पहिल्या आठवड्यांतच ह्या प्रश्नाचीं दोन अंगें ध्यानांत आलीं. कोणत्याही कचेरींत आधीं विचारतात तें 'सरनेम', म्हणजे आडनांव; आणि आमचीं आडनांवें तर एकेक अक्षर सुटें करून लिहवून द्यावीं लागतात. मग विचारतात 'फर्स्ट नेम'. तें सांगून होतें न होतें तोंच समोरची अनोळखी व्यक्ति त्या नुसत्या नांवानें आपल्याशीं बोलूं लागते. आडनांव कागदासाठीं व नांव तोंडासाठीं, अशी तेथें हल्लीं वांटणी झालेली आहे.

आपली खरी अडचण मधल्या नांवाची. इंग्रजाचें मधलें नांव म्हणजे आईबापांनीं त्याला ठेवलेलें आणखी एक नांव. आपलें मधलें नांव वडिलांचें असतें, हें सांगितलें म्हणजे त्यांस नवल वाटतें. वस्तुतः त्यांच्याकडेही हेंच होतें. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. वेल्स प्रांतांतील 'अप रीस', म्हणजे रीसचा पुत्र, ह्याचें पुढें प्राइस झालें. इंग्लंडांत वंशपरंपरागत आडनांवें १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर हळूहळू रूढ होत गेलीं, आणि कोण्या एका पूर्वजाचें नांव आडनांवांत कायमचें गोठून बसलें. आपल्याकडे तें दर पिढीस ताजें होतें, इतकाच काय तो भेद.

ही नांवानें हांक मारण्याची मोकळीक पूर्वापार आहे असें मात्र वाचकांनीं समजूं नये. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत मिसेस बेनेट स्वतःच्या पतीस 'मिस्टर बेनेट' म्हणूनच संबोधितात. अविवाहित मुलींपैकीं थोरली ती 'मिस बेनेट' आणि धाकटी ती 'मिस एलिझाबेथ', असा क्रमही तेथें कटाक्षानें पाळलेला दिसतो. शेरलॉक होम्स व डॉक्टर वॉटसन तर एका बिऱ्हाडांत राहूनही परस्परांस आडनांवानेंच हांक मारीत. नांव हें घरांतल्या माणसांपुरतें, आडनांव जगासाठीं, हीच तेथीलही जुनी रीत होती.

एके दिवशीं आईस मेडा व्हेल भागांत हाउली प्लेस ह्या रस्त्यावर नेलें. तेथील दहा क्रमांकाच्या घरांत टिळक १९१८-१९ मध्यें राहत होते. त्यांच्या स्मरणार्थ भिंतीवर निळी वाटोळी पाटी बसविलेली आहे, व तिच्यावर नांव आहे तें 'लोकमान्य टिळक'. टिळकांचें जन्मनांव केशव. 'बाळ' हें घरांतलें लाडकें नांव, तेंच जगांत चाललें. आणि पाटीवर तेंही नाहीं, तेथें लोकांनीं दिलेली पदवी आहे. स्वतःच्या नांवास इंग्रज 'गिव्हन नेम', म्हणजे दिलेलें नांव, असेंही म्हणतात. तो शब्द इतका सार्थ झालेला मीं दुसरीकडे पाहिला नाहीं. आईनें पाटीकडे पाहून हात जोडले.

त्याच आठवड्यांत पावसानें ओल्या झालेल्या पायरीवरून घसरून आईचें मनगट मोडलें. शस्त्रक्रियेसाठीं दोन रात्री तिला इस्पितळांत ठेवावें लागलें. दाराशीं बसलेल्या मुलीनें आडनांव व जन्मतारीख लिहून घेतली, आणि एकदम आईस तिच्या नांवानें हांक मारली. ऐंशीच्या घरांतल्या बाईस नुसतें नांवानें! मला तें झोंबलें. हें नांव लग्नांत वडिलांनीं ताटांतल्या तांदळांवर बोटानें लिहिलें. त्यानंतर तें घेतलें कोणीं? वडील 'अगं' म्हणत, आजी 'सूनबाई', दीर-नणंदा 'वहिनी', पुतणे 'काकू', आम्ही 'आई'. तें नांव केवळ शिधापत्रिकेंत आणि पारपत्रांत राहिलें होतें.

संध्याकाळीं दुसरी परिचारिका आली. तिनें प्रथम आपलें नांव सांगितलें. मग खाटेशीं वाकून तिनें आईस विचारलें, "तुम्हांला काय म्हणून हांक मारलेली आवडेल?"

आई क्षणभर गप्प राहिली. मग तिनें आपलें माहेरचें नांव सांगितलें.

"अगं, कागदावर हें नाहीं," असें मी बोलून गेलों. परिचारिकेनें माझ्याकडे लक्ष दिलें नाहीं. तिनें तें नांव दोनदां उच्चारून पाहिलें, बरोबर म्हटलें ना म्हणून विचारलें, आणि उशाच्या फळ्यावर लिहून ठेवलें. पुढें दोन दिवस केरळची, आयर्लंडची, फिलिपाइन्सची, अशा नाना देशींच्या मुली तिला त्या नांवानें उठवीत, औषध देत, वेणी घालीत. दर हांकेसरशीं आई चट्‌कन मान वर करी.

स्वदेशीं परतल्यावर ती पुनः 'आई' व 'काकू' झाली. आम्हांपैकीं कोणीं तें नांव घेण्याचें धाडस केलें नाहीं, व तिचीही तशी अपेक्षा दिसली नाहीं. परंतु ही हकीकत ऐकून माझ्या मुलीनें एका रात्रीं तिला विचारलें, "आजी, तुझें तें नांव कोणीं ठेवलें होतें?" आई बराच वेळ सांगत होती. तें तिच्या आजीचें नांव होतें, असें त्या दिवशीं मला समजलें. मी साठीच्या जवळ आलों, पण हा प्रश्न मीं तिला कधीं केलाच नव्हता.

तें नांव येथें द्यावें काय, म्हणून मीं तिला विचारलें. ती म्हणाली, "नको."