हातचा एक

रुपयाची निम्मी अधेली, अधेलीची निम्मी पावली, पावलीची निम्मी चवली आणि चवलीचा निम्मा आणा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा मी पहिलीत होते, पण घरातली मोठी माणसं पुढे कितीतरी वर्षं आण्यांतच बोलत. सोळा चार वेळा निम्मे केले की एक उरतो, हे आम्हाला पाढ्यांआधीच कळलं होतं.

हे आज आठवायचं कारण म्हणजे एक कॅल्क्युलेटर. एचपी-१६सी त्याचं नाव. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने १९८२ साली तो खास प्रोग्रॅमर लोकांसाठी काढला. (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा 'प्रोग्रॅमर' त्याच्याही आधी, १९७७ चा.) माझा धाकटा भाऊ या क्षेत्रात होता. कंपनीने अमेरिकेला पाठवलं तेव्हा त्याने तो तिथे विकत घेतला. गेल्या वर्षी भाऊ गेला. त्याचे कपडे, पुस्तकं वाटून झाल्यावर भावजय म्हणाली, "ताई, हे तुम्हीच ठेवा. याच्याशी तुम्हीच खेळायचात."

खेळायचे खरी. आमच्या घरात त्याचं काम कोणालाच नीट कळत नसे. आई शेजारी सांगायची, "तो कॉम्प्युटरमध्ये आहे." त्यापुढे तिलाही सांगता येत नसे. मी मराठीतून बी.ए. झालेली, शाळेत पाचवी ते सातवीला मराठी आणि गणित शिकवणारी. त्याचं जग मला थोडंफार दिसलं ते या यंत्रातून.

पहिली गंमत म्हणजे याला 'बरोबर'चं बटणच नाही. तीन आणि चारची बेरीज करायची तर तीन दाबा, एंटर करा, चार दाबा आणि मग अधिक. मला हे मुळीच अवघड गेलं नाही. आपण मराठीत म्हणतोच ना, "तीनात चार मिळव"! क्रियापद शेवटी. यान लुकासिएविच नावाच्या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने चिन्ह आधी लिहायची पद्धत काढली होती. ती उलटी केली की ही झाली.

दुसरी गंमत सोळाची. यंत्राला आतून फक्त शून्य आणि एक कळतात. पण आठ-सोळा शून्य-एकांची रांग माणसाच्या डोळ्यांना झेपत नाही. म्हणून चार-चार जागांचा एकेक गट करायचा. अशा गटाचे सोळा प्रकार होतात, आणि नऊनंतरच्या सहांना ए ते एफ ही अक्षरं. एक बटण दाबलं की २५५ चे 'एफएफ' होतात, दुसरं दाबलं की आठ एकं.

पण खरा धडा पुढे आहे. या कॅल्क्युलेटरला आधी सांगावं लागतं की संख्येला जागा किती द्यायच्या. एकपासून चौसष्टपर्यंत कितीही. आठ जागा द्या, २५५ लिहा, त्यात एक मिळवा. उत्तर येतं शून्य! आणि पडद्यावर बारीकसा 'सी' उमटतो. भाऊ म्हणाला होता, "ताई, तो सी म्हणजे तुझा हातचा. आला आहे, पण ठेवायला घर नाही."

मग पाचात २५५ मिळवून पाहिले. आले चार. म्हणजे आठ घरांच्या या जगात २५५ मिळवणं आणि एक वजा करणं सारखंच. म्हणून तीच आठ एकं कधी २५५ म्हणून वाचायची, कधी उणे एक म्हणून. काय वाचायचं ते आधी ठरवून घ्यावं लागतं.

ते ठरवण्यात चूक झाली तर काय होतं? ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं. चौसष्ट जागांत मांडलेली एक संख्या सोळा जागांत बसवायची होती. तिथे जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात, आणि ती संख्या त्याहून मोठी निघाली. दिशा सांभाळणारे दोन्ही संगणक बंद पडले. भावाने तेव्हा फोनवर सगळं समजावलं होतं. आवाजावरून वाटत होतं, जणू त्याच्याच घरातलं काही पडलंय. "आमचं निम्मं काम हेच गं," तो म्हणाला, "हातचा कुठे हरवतोय ते बघायचं."

एचपी-१६सीचं उत्पादन १९८९ ला थांबलं. संग्राहकांसाठी २०२४ साली त्याची नवी आवृत्ती निघाली म्हणे. संगणकावरच्या साध्या कॅल्क्युलेटरमध्येही आता 'प्रोग्रॅमर' नावाचा भाग असतो. तुमचं कोणी या क्षेत्रात असेल आणि त्याचं काम तुम्हाला कळत नसेल, तर त्यालाच शेजारी बसवून २५५ मध्ये एक मिळवायला सांगा. तो सांगत बसेल, तुम्ही ऐकत बसा.