टाळकऱ्याची जागा

पंडित भीमसेन जोशी यांनी गायिलेल्या ‘तीर्थ विठ्ठल’ या अभंगाविषयीचे माझे मत गेल्या चाळीस वर्षांत तीनदा बदलले आहे. एखाद्या कलाकृतीविषयी आपले मत इतक्या वेळा बदलावे, आणि तरीही ती सोडून देता येऊ नये, ही गोष्ट समीक्षकाला अडचणीत टाकणारी आहे. प्रस्तुत टिपण त्या अडचणीविषयी आहे. संगीतशास्त्राचा अधिकार मला नाही.

त्या अभंगांची ध्वनिफीत आमच्या घरात मीच आणली. १९८० नंतरची ती वर्षे होती. वसमतहून नांदेडला कामानिमित्त जाणे होई. अशाच एका फेरीत ती घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, गल्लीतल्या भजनी मंडळात पंचवीस-तीस वर्षे टाळकरी होते. कार्तिकातला काकडा त्यांनी क्वचितच चुकवला असेल. त्यांना ती फीत आवडेल याविषयी मला शंका नव्हती. त्यांनी ती डोळे मिटून ऐकली. गुडघ्यावर हाताने ठेका धरला होता, आणि एका तानेला त्यांच्या तोंडून दादही गेली. गाणे संपल्यावर मात्र ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “गाणं लई चांगलंय लेका, पण टाळकऱ्याला जागाच ठिवली न्हाई त्यानं.”

त्या वेळी हा शेरा मला अडाणीपणाचा वाटला. मी तेव्हा तेव्हाच्या औरंगाबादला मराठी घेऊन एम. ए. करीत होतो आणि ‘आविष्कार’, ‘स्वायत्तता’ हे शब्द माझ्या तोंडी नव्याने बसले होते.

अभंगाची संहिता मी पुढे वर्गात शिकवू लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की, ही रचना जवळजवळ संपूर्ण क्रियापदाविना उभी आहे. तीर्थ, क्षेत्र, देव, आई, बाप, भाऊ, गोत्र, गुरू अशी नामे एकामागून एक येतात आणि प्रत्येकापुढे तेच एक नाम येऊन ठाकते. कोणी काही करीत नाही, कोठे जात नाही. क्रियापद उगवते ते अगदी अखेरच्या चरणात, नामदेवांच्या नाममुद्रेपाशी. आणि तेही ‘सापडणे’ हे, बाजारात हरवलेल्या पोराविषयी किंवा गोठ्यातून सुटलेल्या वासराविषयी वापरावे असे घरगुती क्रियापद. दर्शन नव्हे, साक्षात्कार नव्हे. म्हणजे या छोट्या रचनेत दोन स्वभाव आहेत. आधीची यादी सर्वांची आहे, कारण आई-बाप-गोत्र प्रत्येकाला असते. सापडण्याची घटना मात्र एकट्या नाम्याची आहे.

आमच्या मंडळाची चाल या यादीवर बेतलेली होती. टाळकऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर उभ्या राहत. एका ओळीने नाते म्हणायचे, दुसरीने ‘विठ्ठल’ म्हणून उत्तर द्यायचे. उत्तर कधी लांबत नसे. मृदंग चढत गेला की प्रश्न आणि उत्तर यांतले अंतर कमी होत जाई, आणि शेवटी दोन्ही ओळी एकच शब्द म्हणत आहेत असे वाटे. नाममुद्रेचा चरण तर या गलबल्यात कित्येकदा नीट ऐकूही येत नसे. सापडले कोणाला, हा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता.

राम फाटक यांनी केलेली चाल अहिरभैरवातली आहे. पुणे आकाशवाणीशी निगडित राहिलेल्या या संगीतकाराला शब्दांचे वजन नेमके कळत होते, हे तिच्या पहिल्याच ओळीत जाणवते. भीमसेनांचे गाणे किराणा घराण्याचे, सवाई गंधर्वांच्या तालमीतले. ते ‘विठ्ठल’ हा शब्द उत्तर म्हणून घेतच नाहीत. ते तो उघडतात. त्यातला आकार बाहेर काढतात, त्याला लांबवितात, एखाद्या ठिकाणी जवळजवळ फाडतात आणि पुन्हा समेवर आणून ठेवतात. नाते म्हणणाराही तोच कंठ, उत्तर देणाराही तोच. म्हणजे ज्या क्रियापदाकडे आमचे मंडळ दुर्लक्ष करीत होते, त्याच क्रियापदापासून ते मागे वळून सगळी यादी गातात: विठ्ठल सापडलेला एक माणूस आपल्या नात्यांची पुन्हा मोजदाद करतो आहे. हा अर्थ संहितेत आहे. तो त्यांनी बाहेरून आणलेला नाही. आणि अण्णांचा शेराही मग अडाणीपणाचा राहत नाही. ते त्या वाचनातले न्यून नेमके सांगत होते.

सांप्रदायिकांचा ठरावीक आक्षेप असा की, रागदारीने नाम झाकले जाते आणि अभंगाची मैफल होते. मला तो पुरता पटत नाही. वारकरी भजनातही भूप-भैरवी-मालकंसांचा वावर आहेच, आणि ज्या चालींना आपण जुन्या म्हणतो त्यांतल्या अनेकींवर नाट्यसंगीताची सावली पडलेली दिसते. नामदेवांची स्वतःची चाल कोणालाही ठाऊक नाही. संहितेविषयीच जेथे विष्णुदास नाम्यापासूनचे वाद आहेत तेथे चालीचे काय? शिवाय आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात, याच नामदेवांची पदे गायिली जातात. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत आणि ती रागवार लावलेली आहेत. ज्यांचे जन्मस्थान म्हणून आमच्या जिल्ह्यातले नर्सी परंपरेने पूज्य मानले जाते, त्या कवीला राग परका होता असे वसमतच्या माणसाने तरी म्हणू नये.

या वादाचे एक दूरचे भावंड मला विद्यापीठाच्या वसतिगृहात भेटले होते. एका मित्राकडे ऑलमन ब्रदर्स बँड या अमेरिकी चमूची ‘ॲट फिलमोर ईस्ट’ ही फीत होती. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात झालेल्या मैफलींचे ते ध्वनिमुद्रण. त्यातले पहिलेच गाणे विली मॅकटेल या अंध कृष्णवर्णीय गायकाने १९२८ साली मुद्रित केलेले. मॅकटेलपाशी एक गिटार आणि एक गळा. या तरुणांपाशी, ज्यांत बहुतेक गोरे होते, विजेची वाद्ये, दोन-दोन ढोलवादक आणि एकेक गाणे वीस-वीस मिनिटे खेळविण्याची उसंत. त्यांचा प्रमुख गिटारवादक ड्वेन ऑलमन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, चोविसाव्या वर्षी, अपघातात गेला. त्या संग्रहाला जिवापाड जपणारे आजही आहेत; आणि हे दुःख मूळचे कोणाचे, ते एवढे लांबविल्यावर दुःख उरते का, असे विचारणारेही आहेत. तुलना फार ताणू नये. तेथे वर्णाचा आणि पैशाचा हिशेब आहे. आपल्याकडे तो जातीचा आहे: शिंपी नामदेवांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारात पायरीशी, चोखोबांची त्याहून बाहेर, आणि त्यांचे शब्द मात्र तिकीट लावलेल्या सभागृहात. पण एक गोष्ट दोहोंकडे सारखी आहे. मौखिक परंपरेतले गाणे एकदा थोर कलावंताने मुद्रित केले की ते स्वतःच संहिता होते, आणि पूर्वीच्या सगळ्या चाली तिचे पाठभेद ठरतात. भक्ती जडते ती या स्थिर झालेल्या रूपावर. तंटा होतो तो त्या स्थिर होण्यात गळून गेलेल्यांसाठी.

आमच्याकडे जे गळाले त्यात माझा हात आहे. ती फीत अण्णांकडून मंडळाच्या पेटीवाल्याकडे गेली, त्याच्याकडून आणखी कोणाकडे. चार-पाच वर्षांत काकड्याला तीच चाल सुरू झाली. एक बऱ्या गळ्याचा मुलगा ती म्हणे आणि बाकीचे टाळ वाजवीत ऐकत. दोन ओळी समोरासमोर उभ्या राहत, पण या अभंगाला त्यांना परस्परांशी बोलायचे काही उरले नाही. कोणाची तक्रार नव्हती. ऐकायलाही छान वाटे, मलाही वाटे.

२००५ च्या उन्हाळ्यात, अण्णांची प्रकृती उतरणीला लागलेली असताना, मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्या खाटेशी बसलो. दारात शिजवून वाळत घातलेल्या हळदीचा वास घरभर होता. म्हटले, आपली जुनी चाल म्हणा, उत्तर मी देतो. त्यांनी पहिली दोन नाती जुन्या चालीत म्हटली. मी उत्तर दिले. तिसऱ्या नात्याला त्यांचा आवाज लांबला, वळला आणि सरळ अहिरभैरवात शिरला. ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा त्याच ठिकाणी तेच झाले. मग ते माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, “तूच म्हण की आता.” मला ती येत नव्हती. टेप चालू ठेवून मी बराच वेळ बसून राहिलो. ती फीत माझ्याकडे आहे. तिच्यावर अर्ध्या चरणानंतर पंख्याचा आवाज आहे आणि मधूनच, ठेका धरल्यासारखी, त्यांची बोटे खाटेच्या पाटीवर वाजतात.