पाण्याला वाट

गेल्या नोव्हेंबरात टोरोंटोहून मुलाचा दूरध्वनी आला, तेव्हा तो घरासमोरच्या रस्त्याच्या कडेला दाताळे घेऊन उभा होता. बर्फ पडण्यास अजून अवकाश होता. परंतु तेथील नगरपालिकेची हिवाळ्याची तयारी सुरू झाली होती. रस्त्यांवर टाकायच्या मिठाचे साठे भरून ठेवले जात होते, बर्फ लोटणाऱ्या गाड्यांना पाती बसवली जात होती आणि गटारांच्या जाळ्यांवर साचलेला पाचोळा नागरिकांनीही आपल्या हाताने दूर करावा, असे आवाहन केले जात होते. जाळी तुंबली की वितळलेले पाणी रस्त्यावर पसरते, रात्री पुन्हा गोठते आणि सकाळी त्यावरून माणसेही घसरतात व मोटारीही. हे सारे सांगून मुलगा हसत म्हणाला, "आई, बाबा, इथली माणसंही आपल्या केमच्या मामांसारखीच बोलतात!"

आम्ही उभयता क्षणभर गप्प झालो. मुलाला मामा आठवत होते, याचे कौतुक वाटले. परंतु मामांच्या आठवणीला जोडून आमच्या मनात जे इतकी वर्षे दडून राहिले आहे, ते त्याला ठाऊक नव्हते. ते कोणालाच ठाऊक नव्हते. आज ते येथे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

आम्ही मूळचे वसईचे. शिक्षकी पेशामुळे आमच्या संसाराची पहिली काही वर्षे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात, केम या गावी गेली. दौंड-सोलापूर लोहमार्गावर कुर्डुवाडीच्या अलीकडे हे गाव लागते. ज्या मार्गावर ते वसले आहे, तो दिकसाळपासून बार्शी रोडपर्यंतचा, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंतचा लोहमार्ग १८५९ साली खुला झाला. गावात उत्तरेश्वराचे जुने देवस्थान आहे; पण केमचे नाव दूरवर पोहोचले ते कुंकवामुळे. हळदीपासून कुंकू तयार करण्याचा व्यवसाय तेथे घरोघर चालत असे. एखाद्या गल्लीतून गेले, तरी अंगावरच्या पांढऱ्या कपड्यांना लाल-पिवळी छटा येई. समुद्र, भातशेती आणि केळीच्या वाड्या पाहत वाढलेल्या आम्हांला ती काळी माती आणि ते उघडे माळ प्रथम परके वाटले. पुढे तेथील माणसांनी ते परकेपण पुसून टाकले.

त्या माणसांत एक होते मामा. ते मैलकुली होते. ज्यांना हा शब्द अपरिचित असेल त्यांच्यासाठी सांगतो की, रस्त्याचा ठरावीक टप्पा ज्याच्या स्वाधीन केलेला असतो, त्या रस्ता-कामगारास मैलकुली म्हणत. खांद्यावर फावडे, हातात घमेले आणि डोक्याला मुंडासे, अशा वेषात मामा सकाळी रस्त्यावर दिसत. १९७२ च्या दुष्काळात ते दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते. सोलापूर जिल्हा त्या दुष्काळात होरपळून निघाला होता आणि पोट भरण्यासाठी हजारो हातांनी दगड फोडून रस्ते केले होते. "ह्यो रस्ता आमच्या भाकरीचा हाय, गुरुजी," असे ते म्हणत. रस्त्याविषयी त्यांच्या बोलण्यात जी माया होती, ती कदाचित तेथून आली असावी.

त्या भागात पाऊस थोडा. पण तो येतो तो बहुधा शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या वाटेवर. म्हणून रस्त्याच्या देखभालीचा खरा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होई. पावसाने धुपलेल्या साइडपट्ट्या मुरूम टाकून भरायच्या, धुमसाने ठोकून पक्क्या करायच्या, वेडी बाभूळ छाटून वळणे मोकळी करायची, मोऱ्यांत अडकलेला काडीकचरा उपसायचा, झाडांच्या खोडांना चुन्याचे आणि गेरूचे पट्टे ओढायचे आणि पिंपात तापविलेले डांबर खडीवर घालून खड्डे बुजवायचे. हे सारे दिवाळीच्या आसपास उरकले पाहिजे, असा मामांचा आग्रह असे. कारण त्यानंतर दोन लोंढे रस्त्यावर येत. एक कार्तिकी एकादशीला पंढरपूरकडे निघालेल्या वारकऱ्यांचा, दुसरा उसाचा. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेच्या या पट्ट्यात ऊस वाढला. गाळप सुरू झाले की बैलांच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रंदिवस कारखान्यांकडे धावू लागत.

मामांचे सर्वाधिक लक्ष खड्ड्यांकडे नसे. ते असे रस्त्याकडेच्या चराकडे. आम्हांला याचे नवल वाटे. एकदा विचारले, तेव्हा फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून ते म्हणाले, "खड्डा काय, वरनं दिसतोय. पर खड्डा पडतो खालनं. पाण्याला वाट ठिवली, की रस्ता टिकतो. पाणी आपली वाट इसरत न्हाई, गुरुजी."

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे पुढे कळले. डांबराच्या थराला बारीक भेग पडली की पाणी आत शिरते, खडीवरचे डांबर सोडवते आणि खालचा भराव मऊ करते. मग वरून जाणारे प्रत्येक चाक त्या ओल्या भरावाला दाबते आणि एके दिवशी वरचा थर खचतो. त्यातून सोलापूरकडची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता उचलला जातो आणि दबतोही. चर वाहता असणे, हाच त्यावरचा पहिला उपाय.

आता आमच्या अपराधाकडे वळतो. गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्याला लागून आम्ही भाड्याने घर घेतले होते. १९९६ च्या उन्हाळ्यात एक जुनी स्कूटर घेतली. घर आणि रस्ता यांच्यामध्ये मामांचा तो चर होता. स्कूटर आत आणता यावी म्हणून आम्ही त्यात दगड आणि मुरूम भरून उतार करून घेतला. पाणी जावे म्हणून खाली सिमेंटचा एक लहानसा नळ टाकला आणि आपण शहाणपणाचे काम केले, असे मानले.

जूनमध्ये मामा आले. त्यांनी नळात काठी घालून पाहिली व म्हणाले, "बाई, ह्यो नळ पुरायचा न्हाई. मोठा टाका, न्हाईतर काढून घ्या." आम्ही हो म्हटले. गणपतीच्या सुमारास ते पुन्हा आले. नळ गाळाने भरला होता. "दिवाळीच्या सुट्टीत बघू, मामा," आम्ही म्हणालो. त्यांनी मान हलवली. शिक्षकाला दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा कसे सांगावे, असा संकोच त्यांच्या चेहऱ्यावर होता. त्यांच्या हाती फावडे होते, अधिकार नव्हता.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस दोन रात्री कोसळला. चराला वाट नव्हती. पाणी आमच्या उतारावर अडले, रस्त्यावर चढले आणि पलीकडच्या बाजूने उतरताना तिकडची साइडपट्टी धुऊन घेऊन गेले. सकाळी पाहिले तो डांबराच्या कडेला मांडीएवढा खोल खळगा पडलेला. मामांनी त्याभोवती चुन्याने रंगविलेले दगड मांडले, बाभळीच्या फांद्या रोवल्या. ओल्या काळ्या मातीवर मुरूम ठोकून उपयोग नव्हता. ती सुकायला हवी होती. ते रोज येऊन पाहून जात.

नोव्हेंबरातल्या एका रात्री आमच्या दारात आरडाओरडा झाला. कंदील घेऊन धावलो. उसाने भरलेली टायरगाडी खळग्यात कलंडली होती. समोरून आलेल्या मालमोटारीच्या दिव्यांनी गाडीवानाचे डोळे दिपले, त्याने बैल कडेला घेतले आणि पांढरे दगड दिसेपर्यंत चाक उतरले होते. ऊसतोडणीच्या टोळीतले ते जोडपे बीडकडचे होते. उसाच्या मोळ्यांवर त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी झोपली होती. ती खाली फेकली गेली व तिचा हात मोडला. जुवाखाली अडकलेल्या एका बैलाचा पाय मोडला होता. तो उठण्याचा प्रयत्न करी आणि पुन्हा पडे. त्या आवाजाने आमचा मुलगा जागा होऊन दारात उभा राहिला.

शेजाऱ्यांची जीप मिळवून त्या मुलीला आम्ही कुर्डुवाडीला डॉक्टरांकडे नेले. हात जोडला गेला. बैलाचे मात्र काही करता आले नाही. ज्यांना त्या जीवनाची कल्पना आहे, त्यांना बैलाचे मोल सांगावयास नको. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते; ती सहा महिन्यांच्या कष्टांतून फेडायची असते. बैल गेला, की गाडी गेली आणि गाडी गेली, की फेड दुसऱ्या हंगामावर जाते. आम्ही त्या गाडीवानाच्या हाती काही पैसे ठेवले. त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "तुमच्यासारखी देवमाणसं भेटली म्हणून लेकरू वाचलं."

त्या वेळी खरे सांगायला हवे होते. समोरचा उतार त्याला दाखवून, "हे आमच्यामुळे झाले," एवढेच म्हणायचे होते. आम्ही म्हणालो नाही. नमस्कार स्वीकारला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामा आले. ते आधी खळग्यापाशी गेले, मग आमच्या दाराशी आले आणि चराकडे पाहत उभे राहिले. गावात कोणी विचारले असते, तर त्यांनी एक शब्द उच्चारला असता तरी पुरे होता. लोक तर त्यांनाच बोल लावीत होते की, रस्त्याचा पगार खातो आणि खळगा बुजवत नाही. मामा ते ऐकून घेत होते. आम्ही आतून कुदळ आणली व उतार फोडू लागलो. तेही मुकाट्याने घमेल्याने दगड उचलू लागले. दुपारपर्यंत चर मोकळा झाला. जाताना ते एवढेच म्हणाले, "झालं ते झालं, बाई. लेकरू वाचलं." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. आम्हीही नाही, आणि लोकांचे बोल ते सोसत राहिले.

दोन वर्षांनी आमची बदली झाली. पुढे एकदा केमला गेलो, तेव्हा मामा हयात नव्हते. मैलकुली हे पदच आता दुर्मीळ झाले आहे. त्याची जागा बहुतेक ठिकाणी कंत्राटी कामाने घेतली आहे. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत, १८५४ साली, या देशात सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. तेव्हापासून आजवर किती पूल व रस्ते बांधले गेले आणि त्यांच्या कोनशिलांवर किती नावे कोरली गेली! पण उपसलेल्या मोरीवर कोणाचे नाव नसते. देखभालीचे यश म्हणजे काहीही न घडणे. गाडी न उलटणे, मूल न पडणे. न घडलेल्या गोष्टीचा समारंभ कोण करणार? २००० सालच्या २५ डिसेंबरला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्यावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकण्यात आली, हे वाचले तेव्हा आम्हांला मामांची आठवण झाली. रस्ता बांधून संपत नाही, हे त्यांना कागदावाचून ठाऊक होते.

निवृत्तीनंतर आम्ही वसईला परतलो. २०१८ च्या जुलैत वसईत पाणी शिरले आणि दिवसेंदिवस ओसरले नाही. लोक प्रशासनाला दोष देत होते. त्यातले काही खरेही असेल. पण आमच्या डोळ्यांसमोर आपल्याच गावांतली बुजवलेली बावखले येत होती, गाडी आत आणण्यासाठी वाडीच्या तोंडाशी नाल्यावर घातलेले भराव येत होते. आम्ही कोणाला काय बोलणार? आमच्या हातून हे एकदा घडले होते. पाण्याची वाट बुजवणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो; तो केवळ पुढच्या सुट्टीची वाट पाहत असतो. आणि त्याने बुजवलेले पाणी त्याच्या दारात चढत नाही, ते रस्ता ओलांडून दुसऱ्याच्या वाटेवर खळगा पाडते.

आगमनकाळ हाही हिवाळ्याच्या तोंडीच येतो. वाट सरळ करा, अशी योहानाची हाक आपण दरवर्षी मिस्सेत ऐकतो. पूर्वी ती ऐकताना मनाची वाट, एवढाच अर्थ आम्ही घेत असू. आता फावड्याच्या दांड्यावर हात ठेवलेले मामा दिसतात. नाताळचा तारा टांगण्यापूर्वी आम्ही दोघे घरासमोरचे गटार उपसतो. वयोमानाने आता घमेले अर्धेच भरते.

त्या दिवशी मुलाला दूरध्वनीवर सारे सांगितले. खळगा का पडला होता, हे प्रथमच सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती मुलगी आता माझ्याएवढी असेल." आम्ही हो म्हटले. पलीकडून पुन्हा दाताळ्याचा आवाज येऊ लागला.