तेरच्या मातीतलं नाणं

सोयगावहून पहाटेची एसटी सुटली. हळद्याच्या घाटाला लागेपर्यंत दोन्ही अंगांना वेचणीला आलेला कापूस, आणि पुढे उजळत चाललेली वेताळवाडीच्या किल्ल्याची तटबंदी. जायचं होतं पार धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, पण माझ्या लेखी गोष्ट या कापसापासूनच सुरू होते. रोमचा पैसा इकडे आला तो बराचसा कापडापायी. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात वाटही दिली आहे: भडोचच्या दक्षिणेला 20 दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर. तगर म्हणजेच तेर. तिथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जाई.

शेजारच्या मावशींच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. विचारलं, तर पदर सारून त्यांनी एक पुतळी पुढे धरली. “माह्या सासूची हाय, भाऊ.” व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून हा दागिना घडला, नाण्यावरच्या उभ्या आकृत्यांमुळे नाव पडलं पुतळी. ते नाणं केव्हाच चलनातून गेलं. चित्र मात्र गळ्यात राहिलं.

सिल्लोड मागे पडलं, तोवर पुतळीवरच्या चित्रावरून डोक्यात रोमची काशाची नाणी आली होती. जुन्या ‘अ‍ॅस’वर एकीकडे दारांचा देव जानस, त्याची दोन तोंडं दोन दिशांना. दुसरीकडे जहाजाची नाळ. आपली पोरं छापा की काटा करतात, तशी तिकडची ‘डोकी की जहाज’ म्हणत नाणं उडवायची. पुढच्या बादशहांच्या काळात भाग्यदेवी फोर्तुना आली, हातात सुकाणू आणि धान्याफळांनी भरलेलं शिंग घेऊन. बाजारात भाजी घेणाऱ्याच्या मुठीत रोज हे चित्र असे, म्हणून मला सोन्यापेक्षा ही चिल्लर जवळची वाटते. त्या काळी आपल्याकडे पोहोचली ती मुख्यतः सोन्याचांदीची नाणी. काशाची तिकडच्याच बाजारात फिरत राहिली. इथली चिल्लर सातवाहन राजांनी शिशाची आणि पोटिन या मिश्रधातूची पाडली. तिच्यावर सोंड उचललेला हत्ती, उज्जैन चिन्ह, आणि काही शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज!

रात्र संभाजीनगरात काढून दुसऱ्या दिवशी दुपारी तेरला उतरलो. तेरणाकाठी संत गोरोबाकाकांच्या मंदिरात डोकं टेकवलं आणि लामतुरे संग्रहालयाकडे वळलो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून जन्मभर वेचलेल्या वस्तूंमधून ते उभं राहिलं. तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत. साच्यात माती दाबून उठवलेला मुखवटा, भाजलेला, आणि वर ओवायला कान. गोरोबाकाकांच्या हजारएक वर्षं आधी याच गावात कुणी तरी परक्या बादशहाचं डोकं चिखलात उतरवलं होतं. ज्याला सोन्याचं नाणं परवडत नव्हतं, त्याच्यासाठीच असणार, असं मला मनापासून वाटतं.

मी त्या कानाकडेच बघत राहिलो. मावशींच्या माळेतला रेशमी दोरा त्यातून सहज गेला असता.